एमएसमध्ये लघवीचा त्रास परत परत येतोय? गोळी बदलायच्या आधी आत किती उरतं ते मोजा

त्रास ठरलेला आहे. लघवीची एकदम घाई होते, संडासापर्यंत पोचेस्तोवर थेंब सुटतात, डॉक्टर गोळी देतात, थोडे दिवस बरं जातं आणि मग परत तेच, कधीकधी आधीपेक्षा वाईट. मग गोळी बदला, डोस वाढवा, तोंडाला कोरड, पोट साफ नाही, आणि मूळ दुखणं जागच्या जागी. मला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मणक्यातल्या नसांचा आजार) आहे, राहते नाशिकला इंदिरानगरकडे, आणि न्यूरोच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलं की शेजारची बाई थोड्या वेळात हेच सांगायला लागते, फक्त आधी इकडंतिकडं बघून, आवाज बारीक करून. एमएसमध्ये दहातल्या आठ जणांना कधी ना कधी ब्लॅडरचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा त्रास होतोच, म्हणजे लाजायचं काही कारण नाही, पण लाज जाईल तेव्हा जाईल, तोपर्यंत निदान गोळी तरी योग्य चालू असावी.

माझं म्हणणं एकच आहे. "सारखी लागते" एवढ्यावर गोळी सुरू करू नका. लघवी करून झाल्यावर आत किती उरते ते आधी मोजून घ्या. कारण सारखी लागण्याची कारणं दोन आहेत आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला घातक.

होतं काय बघा. ब्लॅडरला कामं दोनच, साठवणं आणि वेळ आली की पूर्ण रिकामं होणं. भरत आलंय हा निरोप मणक्याच्या खालच्या टोकापासून मज्जारज्जूच्या दोरीतून वर मेंदूत जातो आणि "आत्ता नको" किंवा "हो, आता कर" हा हुकूम त्याच वाटेनं खाली येतो. एमएसमध्ये नसांवरचं आवरण जागोजागी गेलेलं असतं, त्यामुळे हा निरोप वाटेत कुठेही अडकतो. काही जणांचं ब्लॅडर थोडंसं भरलं तरी स्वतःहून आवळतं, ही पहिली गडबड, साठवणीची. काही जणांचं नीट आवळतच नाही किंवा खालची झडप सुटत नाही, म्हणून लघवी आत राहते, ही दुसरी. आणि एमएसमध्ये बऱ्याचदा दोन्ही एकत्र असतात, वरून ब्लॅडर आवळतंय आणि त्याच क्षणी खालची झडपही आवळतेय, म्हणजे एक जण दार ढकलतोय आणि दुसरा आतून कडी लावतोय असा प्रकार. मग धार तुटक येते, संपली वाटते, उठलं की परत लागते.

आता मेख इथे आहे. लघवी आत राहणाऱ्यालाही सारखीच लागते! धरा तुमच्या ब्लॅडरमध्ये ४०० मिली मावते आणि दर वेळी २५० आतच राहते, तर नवीन १५० जमली की परत पळा. पेशंट सांगणार "तासातासाला लागते", ऐकणाऱ्याला वाटणार ब्लॅडर ओव्हरअ‍ॅक्टिव्ह आहे, आणि मिळणार ब्लॅडर ढिलं करणारी गोळी. त्या गोळीनं सुरुवातीला आवळणं कमी होतं म्हणून बरं वाटतं, पण आत उरणारी लघवी वाढते, साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, इन्फेक्शन होतं, इन्फेक्शननं परत घाई होते, आणि माणूस म्हणतो गोळी लागू पडेना. गोळी लागू पडली होती, फक्त चुकीच्या ठिकाणी. हे चक्र ज्यांचं चालू आहे त्यांनी पुढचं नीट वाचा.

सगळ्यात आधी इन्फेक्शन आहे का ते बघा. आपल्याकडे जळजळ झाली की "उन्हाळी लागली" म्हणून धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली सुरू होतं. पाणी म्हणून प्यायला माझी काही हरकत नाही, पण एमएसवाल्यांना इन्फेक्शन असूनही जळजळ होईलच असं नाही, कारण खालची संवेदनाच कमी झालेली असते. आम्हाला ते पायांत कळतं. पाय एका रात्रीत जड होतात, कडक होतात, थकवा दुप्पट, घाई वाढलेली, लघवीला वास, गढूळपणा. घरच्यांना वाटतं एमएसचा नवीन अटॅक आला. अंगात ताप भरला की जुन्या जखमांचीच लक्षणं वर येतात, हा खरा अटॅक नसतो, आणि इन्फेक्शन उतरलं की पाय पुष्कळदा पूर्ववत होतात. म्हणून अटॅक वाटला तरी त्यावर देतात त्या स्टिरॉइडच्या सलाइनआधी लघवी तपासायला सांगा, नसेल सांगितलं तर स्वतः विचारा. अंगात इन्फेक्शन असताना स्टिरॉइड गेलं तर ते चिघळू शकतं. आणि स्टिरॉइडनंतर अचानक लघवी वाढली, तहान वाढली तर शुगर बघा, स्टिरॉइडनं शुगर चढते आणि तो ब्लॅडरचा दोषच नसतो.

सँपल देताना रुटीनबरोबर कल्चरही (कुठला जंतू आणि त्यावर कुठलं औषध चालेल ते बघणारी तपासणी) द्या आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायच्या आधी द्या. आधी स्वच्छ धुऊन, पहिली धार सोडून, मधली धार डबीत. मिश्र जंतू आले असा रिपोर्ट आला तर बहुतेक वेळा सँपल घेतानाची घाण असते, परत द्या. कल्चरला दोन-तीन दिवस लागतात, तेवढ्यात त्रास जास्त असेल तर डॉक्टर औषध सुरू करतील आणि रिपोर्ट आला की बदलतील. मागच्या वेळच्या उरलेल्या चार गोळ्या कपाटातून काढून घेणं हा आपला राष्ट्रीय छंद आहे, तो इथे बंद. आणि उलटंही सांगते, काही त्रास नसताना नुसत्या रिपोर्टात जंतू दिसले म्हणून दर वेळी अँटिबायोटिक घेत बसू नका, खास करून लघवी काढायला नळी वापरणाऱ्यांनी, त्यांच्या लघवीत जंतू सापडणारच. असं खात राहिलं की जंतू निर्ढावतात आणि खरोखर गरज पडते तेव्हा औषध चालत नाही.

इन्फेक्शन नाही किंवा बरं झालं, तरी त्रास आहे? मग सोनोग्राफी, लघवीच्या आधी आणि नंतर. हे वाक्य चिठ्ठीवर लिहून घ्याच, कारण नुसती पोटाची सोनोग्राफी लिहिली की पुष्कळ ठिकाणी नंतरचं मोजतच नाहीत. आता गंमत अशी की सेंटरवर गेलं की तिथली मुलगी सांगते, "ताई, भरपूर पाणी प्या, खूप प्रेशर आलं की सांगा." आपण बाटलीभर पाणी ढोसतो, नंबर येत नाही, ब्लॅडर फुटायला येतं, मग एकदाचं मोजतात आणि म्हणतात जाऊन या. बाहेर रांग, अनोळखी संडास, दार नीट लागत नाही, गुडघे थरथरतायत, कोणीतरी टकटक करतंय. अशात कोणाची नीट होईल? शिवाय अति ताणलेलं ब्लॅडर चांगल्या माणसाचंही पूर्ण रिकामं होत नाही. मग रिपोर्टवर १८० येतं आणि घरात रडारड. म्हणून नेहमीइतकी लागली की मोजायला सांगा, घाई न करता बसा, आणि आकडा विचित्र आला तर दुसऱ्या दिवशी परत मोजा. एका आकड्यावर निर्णय नको. साधारण १०० मिलीच्या वर सतत उरत असेल तर डॉक्टर ते मनावर घेतात. किडनीला सूज आहे का तेही त्याच सोनोग्राफीत दिसतं. एमएसमध्ये किडनी खराब होणं तुलनेनं कमी असतं, पण बघून घ्यायला काय जातं.

यासोबत तीन दिवसांची डायरी. महाग काही नाही, एक मापाचा प्लास्टिकचा जग आणि वही. माझं पान असं दिसायचं: सकाळी ६.१०, ३०० मिली. ७.०० चहा एक कप. ७.५० ला ९० मिली, घाई. ८.२० ला ८० मिली, घाई, दोन थेंब. ९.०० पाणी एक ग्लास. हे बघून डॉक्टरांना दोन मिनिटांत जे कळतं ते आपण अर्धा तास बोलून सांगू शकत नाही. दिवसाची एकूण लघवी तीन लिटर निघाली तर दोष ब्लॅडरचा नाही, पाणी जास्त पितोय किंवा शुगर बघायला हवी. रात्रीच जास्त होत असेल तर तो वेगळा विषय, खाली लिहिते. आणि बाकीच्या सगळ्या गोळ्या डायरीच्या मागच्या पानावर लिहा. नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन चालू असेल तर तीही लघवी अडवते. सर्दीच्या गोळ्या तर भल्याभल्यांची लघवी तुंबवतात, दर पावसाळ्यात ज्यांचा त्रास वाढतो त्यांनी आधी हे तपासा. बीपीची पाण्याची गोळी संध्याकाळी घेत असाल तर वेळ बदलता येते का विचारा. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांनी प्रोस्टेट आणि बाळंतपणं झालेल्या बायकांनी अंग खाली येण्याचं बघून घ्यावं, सगळं काही एमएसच्या खात्यावर टाकू नये.

आता आकडा हातात आहे. आत फार उरत नाही आणि घाई आहे, तर गोळीची पाळी. सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन, डॅरिफेनासिन ही एका घराण्यातली, सगळ्यांना कोरडं तोंड आणि बद्धकोष्ठ हा हुंडा सोबत. ऑक्सिब्युटिनिन डोक्यापर्यंत जास्त पोचतं, ज्यांना आधीच विसरायला होतंय त्यांनी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. मिराबेग्रॉन दुसऱ्या जातीचं, कोरड कमी, पण बीपी बघत राहावं लागतं. कुठलीही घेतली तरी फरक पडायला काही आठवडे द्यावे लागतात आणि सुरू केल्यावर महिन्या-दीड महिन्यानं आत किती उरतं ते परत मोजायचं. हेच कोणी करत नाही आणि इथेच चक्र परत चालू होतं.

गोळीच्या जोडीला सवयी. घाई आली की पळू नका, पळताना जास्त सुटते आणि आमच्यासारखे पडतात ते वेगळंच. जागेवर थांबा, शक्य तर खुर्चीवर टेका, लघवी मधेच रोखताना जे स्नायू आवळतो ते पटपट पाच-सहा वेळा आवळा-सोडा, लाट ओसरते, मग चालत जा. दारात किल्ली घालताना नेमकी लागते ना, तिथेही हेच. फिजिओवाल्या ताईंकडून हे व्यायाम एकदा नीट शिकून घ्या कारण निम्मी लोकं पोट आणि मांड्याच आवळत बसतात. लागायची वाट न बघता दोन-अडीच तासांनी घड्याळ लावून जाऊन येणं हाही चांगला उपाय आहे. चहा-कॉफीनं घाई वाढते. मिसळीवर दोन कटिंग झाले आणि लगेच गाडीत बसलात तर मग कोणाला दोष देणार?

पाणी मात्र तोडू नका. आमच्या सासूबाईंचा सल्ला होता, "बाहेर जायचंय ना, मग सकाळपासून पाणीच पिऊ नकोस." मायेनंच सांगतात, पण पाणी तोडलं की लघवी घट्ट होते, ब्लॅडरला टोचते, इन्फेक्शनला आमंत्रण, वर पोट साफ होत नाही आणि भरलेलं आतडं ब्लॅडरवर दाब टाकतं. नाशिकचा मे महिना आता पूर्वीचा राहिलेला नाही, त्यात उन्हानं आमचे पाय आधीच लुळे पडतात. दिवसाला दीड ते दोन लिटर, घोटघोट, सकाळ-दुपारी जास्त, संध्याकाळी कमी. थंडीत घाम येत नाही म्हणून लघवी वाढते, डिसेंबर-जानेवारीत त्रास वाढला तर लगेच रोग वाढला म्हणून घाबरू नका.

रात्री चार-चार वेळा उठणाऱ्यांनी संध्याकाळी पाय बघा. दिवसभर बसून पायांना सूज येते आणि आडवं झालं की ते पाणी लघवीवाटे निघतं. दुपारी किंवा संध्याकाळी तासभर पाय वर घेऊन पडा, म्हणजे ते आधीच निघून जाईल. झोपायच्या दोन-तीन तास आधी पाणी बंद. खाटेशेजारी कमोड खुर्ची किंवा पुरुषांना युरिनचं भांडं, त्यात कमीपणा काही नाही, रात्री पडून खुबा मोडण्यापेक्षा बरं. डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे, रात्रीची लघवी कमी करतं, पण त्यानं रक्तातलं सोडियम घसरू शकतं, चोवीस तासांत एकदाच घ्यायचं असतं आणि वयस्कर माणसांना शक्यतो देत नाहीत, त्यामुळे शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून मेडिकलमधून आणायचं औषध हे नाही.

आत जास्त उरतंय? मग पहिली साधी युक्ती, एकदा झाली की उठायचं नाही, दोन-चार मिनिटं बसून, थोडं पुढं-मागं वाकून परत करायची. पोट जोरात दाबून काढायचा अट्टहास नको. झडप ढिली करायला टॅमसुलोसिन देतात काही जणांना, उभं राहताना चक्कर येऊ शकते. पण सतत बरंच उरत असेल तर खरा उपाय म्हणजे दिवसातून ठरावीक वेळा स्वतः नळी घालून रिकामं करायचं. नाव ऐकलं की लोक उठून जातात! कायमची नळी आणि पिशवी वेगळी, ही वेगळी. ही घालायची, रिकामं करायचं, काढून टाकायची, आणि आपलं आपण मोकळं. १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक तयारी लागत नाही, स्वच्छ हात पुरतात, आणि तेव्हापासून जगभर हेच चाललंय.

बायकांसाठी सांगते. साबणानं हात धुवा, पुढून मागे पुसत स्वच्छ करा, कमोडवर बसून किंवा पलंगावर पाय फाकवून समोर छोटा आरसा धरा, नळीला जेली लावा, योनीच्या वरच्या छोट्या छिद्रातून हळूच आत. मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो, लघवी यायला लागली की अजून दोन-तीन सेंटिमीटर सरकवा, थांबेपर्यंत थांबा, मग सावकाश काढा. चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या खूण म्हणून, दुसरी नवीन घ्या. काही दिवसांनी आरसाही लागत नाही. पुरुषांना मार्ग लांब, जेली जास्त, आणि झडपेपाशी अडली तर जोर न करता दीर्घ श्वास घेऊन थांबायचं. मोठ्यांना साधारण १२ किंवा १४ नंबरची नळी लागते. पहिल्यांदा युरोलॉजिस्टकडच्या सिस्टरकडून समोर करूनच शिका, वाचून किंवा व्हिडिओ बघून नको. किती वेळा करायचं ते उरणाऱ्या लघवीवर ठरतं, स्वतःहून अजिबात होत नसेल तर दिवसाला चार ते सहा वेळा, एका वेळी ४००-५०० च्या वर साठू न देता. नळी खरं तर एकदाच वापरायची असते, खर्चामुळे खूप जण धुऊन वापरतात, तसं करायचं असेल तर कशी धुवायची, कशी वाळवायची, कधी फेकायची हे सिस्टरला स्पष्ट विचारा. हात कापत असतील, नजर अंधुक असेल तर नवरा, बायको, मुलगी कोणीही शिकू शकतं.

आणि ज्यांच्यात दोन्ही गडबडी आहेत त्यांना बहुतेक वेळा गोळी आणि नळी दोन्ही लागतात. इथे लोकांना वाटतं डॉक्टर गोंधळलेत, ढिलं करायची गोळीही देतात आणि रिकामं करायला नळीही सांगतात. नाही हो, बरोबर आहे ते. गोळीनं ब्लॅडर शांतपणे साठवतं, नळीनं पूर्ण रिकामं होतं. गोळ्यांनी भागत नसेल तर दुर्बिणीतून ब्लॅडरच्या भिंतीत बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, एमएससाठी नेहमीचा डोस २०० युनिट, असर बहुतेकांना सहा-नऊ महिने टिकतो आणि मग परत घ्यावं लागतं. खर्चिक आहे, आणि नंतर लघवी आत राहू शकते म्हणून नळी घालायची तयारी आधीच असावी लागते. घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलका करंट देण्याचाही उपचार आहे, आठवड्यातून एकदा अर्धा तास असे १२ आठवडे, जाणं-येणं जमणाऱ्यांनी विचारून बघा.

प्रवासाचं थोडक्यात. मुंबईला तपासणीला जाताना गाडीनं निघालात तर कसारा घाटात कधी अडकाल नेम नाही, म्हणून इगतपुरीच्या आधी लागो न लागो जाऊन यायचं. रेल्वे त्या मानानं सोयीची, फक्त सीट डब्याच्या टोकाकडची बघा. बॅगेत पॅड, एक जादा सलवार, सॅनिटायझर, नळी वापरत असाल तर दोन जादा. डायपर प्रवासाला जरूर वापरा, पण "डायपर आहे ना, मग झालं" म्हणून तपासणी टाळू नका, आणि ओला फार वेळ ठेवू नका, कातडी सोलवटते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे, त्या २१ प्रकारांत, त्यामुळे यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो. ब्लॅडरचे रिपोर्टही त्या फाइलला लावा.

थांबायचं नाही अशा वेळा: लघवी लागतेय पण थेंब येत नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय, तर रात्र असली तरी कॅज्युअल्टीत जा, नळी घालून रिकामं केल्याशिवाय गत्यंतर नाही. थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला दुखणं, उलट्या, माणूस बरळतोय, हेही तसंच, किडनीपर्यंत इन्फेक्शन गेलेलं असू शकतं. लघवीत रक्त दिसलं तर दुखत नसलं तरी युरोलॉजिस्टला दाखवा. आणि जाताना डायरी, सोनोग्राफीचे जुने आकडे, कल्चरचे रिपोर्ट, गोळ्यांची यादी एका प्लास्टिक फोल्डरमध्ये घालून न्या, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला एमएस काय आणि ब्लॅडर काय हे पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.